नोकरी नसलेल्या माणसाला नोकरी जाण्याचा विमा

इंग्लंडातल्या लेस्टरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे काका आता ७१ वर्षांचे. पाठीच्या दुखण्यामुळे २००२ पासून कामावर नाहीत. तेव्हा इन्कपॅसिटी बेनिफिट, म्हणजे आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्यांचा सरकारी भत्ता, मिळायचं, आता स्टेट पेन्शन, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी पुरवणी) आणि पिप (अपंगत्वाचा भत्ता) मिळतं. २००४ साली त्यांनी आपल्याच बँकेकडून ५,००० पौंडांचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं. कपाट आवरताना सापडलेल्या करारावर ‘पेमेंट प्रोटेक्शन १,२०० पौंड’ अशी ओळ आहे. कर्ज फेब्रुवारी २००९ मध्ये फिटलं. काकांना अलीकडे विसरायला होतं, म्हणून डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे भत्ते आणि पेन्शन देणाऱ्या सरकारी खात्याकडे, ताई त्यांच्या अपॉइंटी, म्हणजे त्यांच्या वतीने भत्ते सांभाळणाऱ्या, आहेत. एक कंपनी रोज फोन करते आहे, ‘फक्त सही करा, पैसे आम्ही आणतो.’ सही करू का, पैसे मिळतील का, आणि मिळाले तर पेन्शन क्रेडिट बंद होईल का, असे तीन प्रश्न. शेवटी एक ओळ जाता जाता लिहिली आहे: ‘काका म्हणतात, २०१२ च्या सुमारास ते बँकेत जाऊन यावरून भांडले होते, काहीतरी पत्रही आलं होतं, पण ते आता मिळत नाही.’

ताई, सही करू नका. निदान आज तरी नको. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या शेवटच्या ओळीवर अवलंबून आहेत, आणि फोनवरच्या माणसाने तुम्हाला त्याबद्दल एका शब्दानेही विचारलेलं नसणार.

आधी वाईट बातमी. पीपीआयच्या, म्हणजे करारावरच्या त्या पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्सच्या, तक्रारींसाठी फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या आर्थिक नियामकाने, म्हणजे एफसीएने, शेवटची तारीख ठरवली होती: २९ ऑगस्ट २०१९. तुम्हाला ती जाहिरात आठवत असेल, अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक डोकं सुपरमार्केटमध्ये लोकांवर ओरडत फिरायचं, ‘निर्णय घ्या’ म्हणून. ती त्याच मुदतीची दवंडी होती. त्या तारखेनंतर केलेली नवी तक्रार बँक वाचून बाजूला ठेवते आणि तिला तसा अधिकार आहे. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे कारण चालत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था, उशीर माफ करू शकतो, पण त्याचा उंबरठा फार उंच आहे: त्या काळात माणूस तक्रार करण्याच्या अवस्थेतच नव्हता, असं काहीतरी दाखवावं लागतं. काकांचं विस्मरण अलीकडचं आहे, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका.

पण काकांची तक्रार नवी आहे का? तो भाग पुढे येतो. आधी हा विमा मुळात चुकीचा का होता ते समजून घ्या, कारण कोणतंही दार उघडलं तरी आत गेल्यावर तुम्हाला हेच मांडायचं आहे.

पीपीआय म्हणजे हप्त्यांचा विमा. आजारपण आलं, अपघात झाला किंवा नोकरी गेली तर विमा कंपनी काही महिने, बहुधा वर्षभर, तुमचे हप्ते भरणार. कल्पना वाईट नाही. सगळी गोम बारीक अक्षरांत होती. नोकरी गेल्याचा दावा करायचा तर आधी नोकरी हवी, बहुतेक पॉलिसींत आठवड्याला किमान १६ तासांची. आजारपणाचा दावा करायचा तर तो आजार पॉलिसीच्या आधीचा नको. आता काकांकडे पाहा. नोकरी नाही, म्हणजे बेकारीचा भाग बाद. पाठ २००२ पासूनच गेलेली, म्हणजे ज्या आजाराने ते खरोखर अंथरुणाला खिळतील तोच वगळलेला. उरलं काय? जिन्यावरून पडून पाय मोडला तर, आणि तिथेही विमा कंपनी विचारणार की ‘कोणत्या कामावरून तुम्ही घरी बसलात?’ म्हणजे हा विमा महाग वगैरे नव्हता. काकांसाठी तो जवळजवळ रिकामा होता. बेनिफिटवरच्या माणसाला पीपीआय विकणं ही चुकीच्या विक्रीची सर्वांत स्वच्छ जात आहे. मी इतकी वर्षं कर्जसल्ल्याचं काम करतो आहे, ‘मला नीट समजावलं नाही’ म्हणणारी प्रकरणं हरताना पाहिली. ‘मला नोकरीच नव्हती’ म्हणणारी क्वचित.

इथे एक चूक लोक हमखास करतात. फॉर्ममध्ये लिहितात, ‘मला पीपीआय आहे हे ठाऊकच नव्हतं.’ करारावर सही असते, रकान्यात फुली असते, आणि बँक तो कागद पुढे करून मोकळी होते. त्यापेक्षा लिहायचं ते असं: विक्रीच्या दिवशी मी अमुक बेनिफिटवर होतो, नोकरी नव्हती, दुखणं दोन वर्षांपासूनचं होतं, आणि हे बँकेला माहीत होतं. माहीत कसं? बेनिफिटचे पैसे दर पंधरवड्याला त्याच बँकेतल्या त्याच खात्यात जमा होत होते. २००४ चं एक बँक स्टेटमेंट सापडलं, ज्यावर सरकारी जमा दिसते आहे आणि पगाराची एकही जमा नाही, तर तो एक कागद दहा पानी निवेदनाला भारी आहे. बेनिफिट कधीपासून मिळत होतं याचं पत्र डीडब्ल्यूपीकडून मागता येतं. तुम्ही अपॉइंटी आहात तेव्हा ते काम तुम्हाला सोपं आहे.

दुसरी खोड म्हणजे एकरकमी प्रीमियम. ते १,२०० पौंड काकांनी खिशातून दिले नाहीत. बँकेने ते कर्जात मिळवले आणि त्यावरही कर्जाचंच व्याज लावलं. व्याजदर समजा वर्षाला १५ टक्के होता, तर नुसत्या विम्यापोटी महिन्याला सुमारे २८ पौंड, आणि पाच वर्षांत १,२०० चे जवळपास १,६७७ झाले. हा प्रकार इतका बदनाम झाला की साध्या वैयक्तिक कर्जांबरोबर एकरकमी पीपीआय विकणं बँकांनी २००९ मध्ये बंद केलं. मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने त्याआधी २००५ मध्येच ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या तेव्हाच्या सरकारी देखरेख खात्याकडे सुपर-कम्प्लेंट, म्हणजे सर्व ग्राहकांच्या वतीने तक्रार, केली होती. बँकांची संघटना न्यायालयात गेली, एप्रिल २०११ मध्ये हरली, आणि मग पैशांचा बांध फुटला. एकूण ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम लोकांना परत गेली. मुंबई-पुण्यात गृहकर्जाबरोबर ‘हा विमा घ्यावाच लागतो हं’ असं सांगतात ना, त्याचा हा इंग्रज चुलतभाऊ.

आता ती २०१२ ची ओळ.

काका बँकेत जाऊन भांडले. इथल्या नियमांनुसार तक्रार लेखीच हवी असं नाही. शाखेच्या खिडकीवर तोंडी व्यक्त केलेली नाराजीही तक्रारच असते. म्हणजे काकांनी मुदतीच्या सात वर्षं आधी तक्रार केलेली असू शकते. मुदत नव्या तक्रारींना आहे. मुदतीत आलेल्या तक्रारीचं पुढे काय झालं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या हरवलेल्या पत्रात आहे.

तीन शक्यता दिसतात. पहिली, बँकेने रीतसर अंतिम उत्तर देऊन नकार कळवला, आणि ‘सहा महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाऊ शकता’ असं त्यात स्पष्ट लिहिलं. मग ते सहा महिने केव्हाच संपले, आणि तो रस्ता बंद समजा. दुसरी, पत्र आलं पण ते नुसतं गोड बोलणारं होतं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ छापाचं, ज्यात ओम्बड्समनचं नाव नाही, सहा महिन्यांचा उल्लेख नाही. असं पत्र अंतिम उत्तर ठरत नाही, आणि जे घड्याळ सुरूच झालं नाही ते संपलं असं बँकेला म्हणता येत नाही. तिसरी, तक्रार नोंदली गेली आणि उत्तर आलंच नाही. काकांना आठवतं ते पत्र भलत्याच गोष्टीचं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ओम्बड्समनकडे अजूनही जाता येतं, फुकट, वकिलाशिवाय. माझ्या अंदाजाने पहिली शक्यता सर्वांत मोठी आहे, कारण २०१२ पर्यंत बँका छापील उत्तरांत तरबेज झाल्या होत्या. पण अंदाजावर दार लावून घ्यायचं कारण नाही.

पत्र मिळवायचं कसं? एकदा घर धुंडाळा. आपल्या माणसांच्या घरी महत्त्वाचे कागद फायलीत सोडून सगळीकडे असतात: बिस्किटांच्या डब्यात, देव्हाऱ्याखालच्या खणात, गादीखाली, जुन्या पासपोर्टांच्या पिशवीत. एका आजींचा करार मला लग्नाच्या अल्बममध्ये सापडला होता. त्याच वेळी बँकेकडे ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ पाठवा. बँकेकडे तुमच्याबद्दल जी माहिती आहे ती मागण्याचा हा कायदेशीर हक्क आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून त्याला फी नाही आणि बँकेला एरवी महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मोघम ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. नाव, जन्मतारीख, २००४ चा पत्ता, त्यानंतरचे सगळे पत्ते, कराराचा क्रमांक द्या आणि नेमकं मागा: कर्जाचा करार, विम्याचं प्रमाणपत्र, हप्त्यांचा उतारा, विक्रीच्या वेळच्या टिपणी, २००९ नंतरच्या सर्व तक्रारींची नोंद आणि त्यांना दिलेली उत्तरं, आणि विमा कंपनीकडून बँकेला मिळालेल्या कमिशनची रक्कम. बँक कदाचित म्हणेल, सहा वर्षांपूर्वीचं काही ठेवलेलं नाही. कधी ते खरं असतं. पण कर्जाचा कागद नष्ट झाला तरी पीपीआयच्या तक्रारीची नोंद वेगळ्या खात्यात शिल्लक असल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे, म्हणून तक्रारीच्या नोंदीचा उल्लेख स्वतंत्र वाक्यात करा.

कमिशन कशासाठी मागायचं? कारण दुसरं दार त्या आकड्यावर उघडतं.

श्रीमती प्लेव्हिन नावाच्या एका विधवा बाईंनी ३४,००० पौंडांचं कर्ज घेतलं होतं, आणि त्यात ५,७८० पौंडांचा पीपीआय होता. पुढे उघड झालं की त्या प्रीमियममधले ७१.८ टक्के नुसतं कमिशन होतं, आणि बाईंना कोणी ते सांगितलं नव्हतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हटलं की एवढं कमिशन लपवणं म्हणजे कर्जदार आणि कर्ज देणारा यांच्यातलं नातं अन्यायकारक झालं. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम १४०ए मध्ये तशी तरतूद आहे. त्यावरून एफसीएने नियम केला: कमिशन ५० टक्क्यांहून जास्त आणि न सांगितलेलं असेल तर वरचा भाग परत. विमा योग्य होता की नाही हा प्रश्नच इथे येत नाही. आधी ज्यांची तक्रार फेटाळली होती अशा लोकांना बँकांनी २०१७ मध्ये पत्र पाठवून हे कळवायचं होतं. काका २०१२ मध्ये फेटाळले गेले असतील तर तसं पत्र त्यांना यायला हवं होतं. २०१७ च्या आधी काकांनी घर बदललं होतं का? बँकेकडच्या नोंदीत ते पत्र कोणत्या पत्त्यावर गेलं दिसतं, तेही तपासा.

ओम्बड्समनचा रस्ता बंद झाला तरी हे कमिशनचं प्रकरण काउंटी कोर्टात नेता येतं. तिथे २०१९ ची मुदत लागू नाही, पण कायद्याची स्वतःची मुदत आहे, सहा वर्षांची. काकांचं कर्ज २००९ ला संपलं, म्हणजे सरळ हिशोबाने २०१५ लाच मुदत संपली. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनडा स्क्वेअर विरुद्ध पॉटर या खटल्यात निकाल दिला. तिथलं कर्ज २००६ चं होतं, २०१० मध्ये फिटलेलं, आणि प्रीमियमचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग कमिशन होता. न्यायालय म्हणालं, कर्ज देणाऱ्याने ही गोष्ट जाणूनबुजून लपवली, तेव्हा सहा वर्षं मोजायची ती कर्जदार पॉटरबाईंना कमिशनचं कळलं तेव्हापासून, किंवा वाजवी चौकशी करून कळू शकलं असतं तेव्हापासून. काकांचं कर्ज ६ एप्रिल २००८ नंतर संपलं आहे, म्हणून कलम १४०ए त्याला लागू पडतं. त्याआधी फिटलेल्या कर्जांना ते लागत नाही. दहा महिन्यांनी वाचलात म्हणा ना. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये मुदतीचा कायदा वेगळा आहे.

बँकेचे वकील अर्थातच म्हणतील, ‘२०१२ मध्ये भांडले म्हणजे काकांना सगळं ठाऊक होतं.’ त्यावर तुमचं उत्तर: त्यांना पीपीआय ठाऊक होता, कमिशन नव्हे. आपल्या गळ्यात विमा मारला हे कळणं आणि त्यातले किती पौंड बँकेनेच ठेवले हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग ते २०१७ चं पत्र काढतील, आणि ते खरोखर काकांच्या हातात पडलं असेल तर तुमची बाजू लंगडी होईल. म्हणून म्हटलं, आधी कागद. कागद पाहिल्याशिवाय दावा ठोकणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे. दावा १०,००० पौंडांच्या आतला असल्याने तो एरवी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या ट्रॅकवर, जातो, जिथे हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा अंगावर येत नाही. मात्र बँका प्रकरण गुंतागुंतीचं आहे असं सांगून ते वरच्या ट्रॅकवर नेण्याचा प्रयत्न करतात, आणि तिथे हा दिलासा नाही. पेन्शन क्रेडिटचा गॅरंटी भाग मिळत असेल आणि शिल्लक १६,००० पौंडांच्या आत असेल तर कोर्ट फी माफ होते, ईएक्स-१६० फॉर्म भरून. ही पायरी चढण्यापूर्वी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा एखाद्या लॉ सेंटरला, म्हणजे मोफत कायदेसल्ला केंद्राला, फाइल दाखवा.

आता अधिकाराचा मुद्दा, कारण इथे तुमचा एक गैरसमज झालेला दिसतो. अपॉइंटी असणं म्हणजे फक्त डीडब्ल्यूपीच्या बेनिफिटपुरता अधिकार. बँकेला त्या कागदाशी काही देणंघेणं नाही. तो दाखवलात तर काउंटरवरची मुलगी नम्रपणे मान हलवील आणि काही करणार नाही. बँकेला आणि ओम्बड्समनला काकांची सही असलेलं अधिकारपत्र लागतं: ‘माझी पुतणी माझ्या वतीने बोलेल, तिला माहिती द्यावी.’ काका विसरतात म्हणून त्यांना सही करताच येत नाही असं मानू नका. मेंटल कपॅसिटी ॲक्टनुसार क्षमता त्या त्या निर्णयापुरती पाहिली जाते. कालचं जेवण आठवत नसलं तरी ‘बँकेशी बोलायला पुतणीला सांगायचं का’ हे सकाळी चहाच्या वेळी त्यांना नीट समजत असेल, तर ती सही चालते. त्याच बैठकीत लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीचा, म्हणजे पुढे क्षमता गेली तरी चालणाऱ्या कायमच्या मुखत्यारपत्राचा, विषय काढा, मालमत्ता आणि आर्थिक व्यवहारांसाठीच्या. गॅरंटी क्रेडिटवर असलेल्यांना नोंदणीची फीही माफ होते. ती क्षमता असतानाच करता येते. नंतर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडून डेप्युटी, म्हणजे व्यवहार पाहणारा प्रतिनिधी, नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात जाणारे महिने आणि पैसे पाहता या सगळ्या पीपीआयपेक्षा तेच काम जास्त निकडीचं आहे असं माझं मत.

किती मिळेल? पूर्ण विक्रीच चुकीची ठरली तर विम्यापोटी भरलेले सगळे पैसे, त्यावरच्या कर्जाच्या व्याजासह, म्हणजे वर धरलेल्या हिशोबाने १,६७७. आणि प्रत्येक हप्त्याच्या दिवसापासून सरळ व्याज, २०२५ पर्यंतच्या रीतीने वर्षाला ८ टक्के. हप्त्यांचा मध्य साधारण २००६ च्या सप्टेंबरात येतो. १९ वर्षं धरली तर व्याजच सुमारे २,५५० होतं. एकूण ४,२०० च्या आसपास. नुसत्या कमिशनच्या नियमाने, कमिशन समजा ७० टक्के असेल, तर ५० च्या वरचे २० टक्के, म्हणजे याचा पाचवा हिस्सा, साडेआठशेच्या आगेमागे. न्यायालय त्याहून जास्त देऊ शकतं, पण तसं धरून चालू नका. आकडे तुमच्या खऱ्या व्याजदराने बदलतील. मी रीत दाखवतो आहे.

आणि जे मिळेल ते हातात येईलच असं नाही. त्याच कर्जाची थकबाकी बाकी असेल तर बँक परतावा आधी तिकडे वळवते. हे मी एकदा स्वतः सांगायला विसरलो. दोन मुलांची आई, घरात फ्रीज बंद पडलेला, परताव्याचं पत्र घेऊन ती पेढे वाटायला आली. दुसऱ्या आठवड्यात कळलं की जवळजवळ सगळी रक्कम जुन्या थकबाकीत वळती झाली आहे. कर्ज कमी झालं हे खरं, पण फ्रीज आला नाही, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते समजावणं मला जमलं नाही. काकांचं कर्ज फिटलेलं आहे, त्यामुळे ती भीती कमी. एक मात्र विचारा: मधल्या काळात काका कधी बँकरप्ट झाले होते का? झाले असतील तर हा परतावा मागण्याचा हक्क दिवाळखोरी पाहणाऱ्या ट्रस्टीकडे गेलेला असतो, सुटका होऊन कितीही वर्षं झाली तरी. आपल्याकडे ही गोष्ट घरच्यांपासूनही लपवतात, तेव्हा एकट्यात विचारा.

पेन्शन क्रेडिट. पीपीआयचा परतावा हातात आला की तो भांडवल, म्हणजे बचत म्हणून धरला जातो. पेन्शन क्रेडिटमध्ये पहिले १०,००० पौंड मोजतच नाहीत. त्यावरच्या प्रत्येक ५०० किंवा त्याच्या भागाला आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. काकांची शिल्लक ८,००० असेल आणि ४,२०० आले तर १२,२००, वरचे २,२००, आठवड्याला ५ पौंड कमी. बंद होणं वगैरे नाही, अर्थात मिळणारी रक्कमच त्याहून लहान असेल तर वेगळं. पिप आणि स्टेट पेन्शनला धक्का लागत नाही, ते बचतीवर अवलंबून नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कोणाचा नातेवाईक युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे पेन्शनच्या वयाआतल्यांच्या भत्त्यावर, असेल तर तिथलं गणित कडक आहे: ६,००० पर्यंत माफ, त्यावर प्रत्येक २५० ला महिन्याला ४.३५ पौंड कपात, आणि १६,००० च्या वर गेलं की हक्कच संपतो.

पैसे आले की डीडब्ल्यूपीला कळवा, अपॉइंटी म्हणून ती जबाबदारी तुमची आहे. कर्ज फेडलं, हीटर दुरुस्त केला, चांगला पलंग घेतला तर हरकत नाही, पावत्या ठेवा. पण मर्यादा चुकवण्यासाठी पैसे पुतण्याच्या नावे केले, किंवा गावच्या घराला पत्रे घालायला पाठवले, तर ते अजून काकांकडेच आहेत असं धरून हिशोब होऊ शकतो. त्या ८,००० मध्ये साताऱ्याच्या किंवा कुठल्याही बँकेतली काकांची एफडीही मोजायची असते, बरं का. भारतातली ठेव इथे दिसत नाही म्हणून ती बचत नव्हे, असा समज मी गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत दर वर्षी दोनदा तरी खोडून काढतो.

कराचं थोडक्यात. परताव्यावरच्या या व्याजातून बँक २० टक्के कर कापून देते. वरच्या हिशोबात सुमारे ५१० पौंड. काकांचं करपात्र उत्पन्न १२,५७० च्या आत असेल तर त्यांना तो भरायचाच नव्हता. आर-४० फॉर्म भरून एचएमआरसीकडून, म्हणजे करखात्याकडून, परत मागा. करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मुदत असते. पेन्शन क्रेडिट आणि पिप करपात्र नाहीत, स्टेट पेन्शन आहे, एवढं उत्पन्न मोजताना लक्षात ठेवा. क्लेम कंपन्या हा फॉर्म भरून देण्याचेही पैसे घेतात.

त्या कंपन्यांकडे शेवटी येतो. पीपीआयची तक्रार चालवण्यासाठी त्यांना २०१८ पासून २० टक्के अधिक व्हॅट एवढीच कमाल फी घेता येते. तुमची रक्कम ४,२०० आली तर तेच १,००० पौंडांच्या वर गेलं, आणि त्या बदल्यात ते काय करणार? तीच माहिती मागणी, तोच फॉर्म. न्यायालयाच्या कामाचे करार वेगळे असतात आणि त्यात वाटा याहून मोठा निघू शकतो. मध्येच माघार घेतली तर झालेल्या कामाचं बिलही येतं. मुदत संपल्यापासून यातल्या बऱ्याच जणांनी गाड्यांच्या हप्त्यांतल्या कमिशनकडे मोर्चा वळवला आहे. काकांच्या नावे कधी गाडी नव्हती तरी फोनवर तुम्हाला त्याबद्दलही विचारतील. फोन पुन्हा आला तर एकच वाक्य पुरे: ‘आम्ही स्वतः बँकेला लिहिलं आहे.’

आणि ते खरं असू द्या. या आठवड्यात काकांसोबत बसून अधिकारपत्र आणि माहितीची मागणी अशी दोन पत्रं तयार करा, दोन्हींवर त्यांची सही, सोबत ओळखीच्या कागदाची प्रत. पोस्टात ‘साइन्ड फॉर’ने पाठवा. पावती त्याच २००४ च्या कराराला टाचून ठेवा. एक महिना मोजायला ती तारीख लागेल. उत्तर आलं की पहिल्यांदा तक्रारींच्या नोंदीचं पान उघडा, २०१२ चं पत्र आहे का आणि त्यात ‘सहा महिने’ हे शब्द आहेत का ते पाहा, आणि मग मला लिहा.